पंचफुलाबाईंचं मत

पंचफुलाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या हातचं मुलांनी खाल्लं, आम्ही मास्तरांनीही खाल्लं. पण त्यांचं आणि माझं एका बाबतीत शेवटपर्यंत जमलं नाही. त्या ज्या पक्षाला मत द्यायच्या, त्याला मी कधी दिलं नाही. आणि मी ज्याला द्यायचो, त्याची बाजू मांडायला लागलो की त्या फुंकणी उचलून चुलीत एवढ्या जोरात फुंकायच्या, की माझं पुढचं वाक्य धुरात जायचं.

गाव आर्वीहून पुलगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं. मी मूळचा दुसऱ्या तालुक्यातला, वडनेरचा. बदलीवर आलो आणि तिथंच रुजलो. जिल्हा परिषदेची शाळा, चार खोल्या, मागे टिनाचं शेड. शेडात बाईंची चूल. सरकारनं गॅस दिला होता, पण टाकी अर्धा महिना रिकामीच असायची, म्हणून बाई येताना डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन यायच्या. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या त्या काड्या भरभर जळतात, त्यामुळे चुलीपासून हलता येत नाही. बाई हलायच्याही नाहीत. बुटकी मूर्ती, पदर कमरेला खोचलेला, उजव्या मनगटावर जुना पोळल्याचा डाग. उपासाचा दिवस असला तरी खिचडीचं मीठ त्यांना वासावरून कळायचं. झाकण काढून नाक पुढं न्यायच्या आणि म्हणायच्या, "अळणी हाये."

शाळेत यायच्या आधी त्यांचा अर्धा दिवस झालेला असायचा. माळ्याचं घर. स्वतःचं वावर नव्हतं, पण विहिरीजवळचं अर्धा एकर ठेक्यानं घेऊन त्या पालक, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायच्या. उजाडायच्या आत तोडून, पेंढ्या बांधून आर्वीच्या पहिल्या गाडीनं पाठवायच्या. हाताला ओल्या कोथिंबिरीचा वास घेऊनच शेडात शिरायच्या.

उरलेली खिचडी त्यांनी एकदाही घरी नेली नाही. पातेल्यात तळाला राहिलेली, मुलं गेलेली, कोणी विचारणारं नाही. मी एकदा म्हणालो, "बाई, न्या ना. फेकण्यापेक्षा बरं."

"गाईले घालतो मी थे," त्या म्हणाल्या. "शाळेचं अन्न शाळेतच राहावं. एक डाव घरी नेलं का हात वळतेच मग तिकडं."

फुकट या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. टेकडीवरच्या वस्तीतल्या लोकांना घरकुलं मिळाली, धान्य मिळालं, तेव्हा बाई त्यांच्याबद्दल जे बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही. मला ते आवडलं नव्हतं आणि मी तसं सांगितलंही होतं. पण त्याच वस्तीतली मुलं पंगतीच्या टोकाला बसायची, आणि बाई वाढायला सुरुवात त्या टोकाकडून करायच्या. या दोन गोष्टी त्यांच्यात शेजारी-शेजारी राहायच्या. मला त्यांचा मेळ कधी घालता आला नाही. त्यांना तशी गरजही वाटली नसावी.

माझं त्यांच्याशी वाजायला सुरुवात झाली ती एका साडीवरून. आमच्या भागात एक जुनं राजकीय घराणं होतं. त्या घरच्या मोठ्या माणसाला सगळे दादासाहेब म्हणत. गरिबांचा पक्ष, समतेची भाषा, आणि मीही त्याच बाजूचा. निवडणुकीआधी त्यांच्या माणसांनी गावात विधवांना साड्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली साडी घडी न मोडता परत नेऊन दिली. मला हे कळलं तेव्हा मी खूश झालो. म्हटलं, बाई स्वाभिमानी आहेत. पण महिन्याभरानं बाईंच्या पक्षाच्या साड्या आल्या. हा पक्ष आम्ही शिक्षक आपसात बोलताना 'जुनाट विचारांचा' म्हणून मोडीत काढायचो. त्या साड्यांचे गठ्ठे पंचफुलाबाईंच्या ओसरीवर उतरले, आणि बाई स्वतः यादी हातात घेऊन घरोघरी फिरल्या.

मी शेडात जाऊन टोमणा मारला, "काय बाई, ती साडी परत अन् ही चालते?"

त्यांनी ढवळणं थांबवलं. "सर, दादासाहेबानं मले लुगडं देल्लं. यायनं मले लुगडी वाटाले देल्ली. फरक समजते काय तुमाले?"

मला तेव्हा समजला नाही. मी त्याला युक्ती म्हणालो, कार्यकर्ते बनवायची पद्धत म्हणालो. बाई म्हणाल्या, "असन," आणि फुंकणी उचलली.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायचं तर बाईंच्या नवऱ्यापासून सांगावं लागेल. आणि त्यात मी येतो.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. दुकान नाही, पाटी नाही, त्यामुळे दारू कुठंही मिळते. गावाबाहेर नाल्याच्या काठी शालिक नावाचा एक माणूस मोहाची काढायचा. गोड बोलायचा. शाळेच्या फाटकापाशी भेटला की हात जोडून "नमस्कार सर" म्हणायचा. बाईंचा नवरा, वासुदेव, त्याच्या नाल्यावर रोज. मी गावात आलो तेव्हा तो चांगला गवंडी होता. आमच्या शाळेच्या संडासाची भिंत त्यानं बांधली, ती अजून सरळ उभी आहे. पाच-सहा वर्षांत त्याचे हात कापायला लागले, मग पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं. तो गेला तेव्हा मुलगा गजानन बारावीत नापास होऊन घरी बसला होता.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी बाई शाळेत कामावर आल्या. मुलं जेवून गेल्यावर माझ्या वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"सर, एक अर्ज लिहून देता? शालिकच्या इरोधात. ठान्यात द्याचा हाये."

मी मनापासून लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, भाषाही बरी आहे. वासुदेव कसा गेला, गावातली आणखी कोण कोण गेली, भट्टी कुठं आहे, सगळं मुद्देसूद. बाईंना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरले. साक्षरता वर्गात सही करायला शिकल्या होत्या, त्या सहीला त्यांना पुरतं मिनिट लागायचं. 'फु'चा उकार त्या सगळ्यात शेवटी, सावकाश द्यायच्या. सही झाली. मग कागद माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "खाली दोन साक्षीदार लागते म्हनते. एक तुमी करा."

मी म्हणालो, "बाई, मी सरकारी नोकर. मला असं करता येत नाही."

असा काही नियम नव्हता. मला ठाऊक होतं. पण शालिक रोज फाटकाशी भेटायचा, ठाण्यातले लोक त्याच्याकडे बसायचे हेही ठाऊक होतं. माझ्या दोन मुली आर्वीच्या शाळेत सायकलनं जायच्या. मी त्यांचा विचार केला, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. कागद घडी करून कमरेला खोवला आणि भांडी घासायला गेल्या.

तोच कागद घेऊन त्या दादासाहेबांच्या घरी गेल्या. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. अंगणात दीड तास उभ्या होत्या. दादासाहेब बंगईवर झोके घेत बसून होते. शेवटी म्हणाले, "बाई, नवरा तुमचा. तो सांभाळता आला नाही, आता दोष लोकांवर काऊन घालता?" आणि कोणाला तरी सांगितलं, बाईंना चहा पाजा. बाईंनी चहा घेतला नाही.

मग त्या आर्वीला गेल्या. तिथं कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरची सून होती, वैशालीताई, त्या जुनाट विचारांच्या पक्षाच्या महिलांचं काम बघायची. बाई तिला ओळखत नव्हत्या. भाजीच्या ठिय्यावरच्या कोणीतरी नाव सांगितलं होतं. ती तीस-बत्तीस वर्षांची बाई गिऱ्हाईक सोडून उठली, अर्ज वाचला, आणि गल्ल्याजवळ ठेवूनच खाली सही केली. सासऱ्याकडून दुसरी सही घेतली. मग स्कूटीवर बाईंना मागं बसवून ठाण्यात गेली.

"तिनं इचारलंबी नाई का शालिक कोन हाये म्हनून," बाई सांगायच्या. "सही केली अन् म्हने चला काकू."

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. आठवड्यानं वैशालीताई आणि आर्वीच्या पंधरा-वीस बाया आल्या. पुढं पंचफुलाबाई, हातात पऱ्हाटी उपटायचा चिमटा. नाल्यावरची मडकी फोडली, आंबवलेल्या मोहाचा सडवा ओतून दिला. दोन दिवस नाल्याकाठी आंबट वास येत होता. शालिक काही दिवस आत राहिला. गावात भजनी मंडळ उभं राहिलं, मग पक्षाची महिला शाखा, आणि तिच्या अध्यक्ष पंचफुलाबाई.

त्या वर्षी संक्रांतीला शाखेचं हळदीकुंकू ठेवलं. बाई पाणी भरायला, सतरंजी अंथरायला गेल्या आणि काम आटोपून बाहेर चपलांजवळ बसल्या. विधवा बाई, आत त्यांचं काय काम, असं गावानं ठरवलं होतं आणि त्यांनीही. वैशालीताई बाहेर आली, हाताला धरून त्यांना आत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. दोन म्हाताऱ्या उठून निघून गेल्या. वैशालीताई म्हणाली, "जाऊ द्या. आजपासून आपल्या शाखेत पाहुण्यांची ओवाळणी काकूच करतील."

दुसऱ्या दिवशी बाई कुंकू लावूनच शाळेत आल्या. मी पुरोगामी माणूस. विधवांच्या प्रश्नावर मी शिक्षकदिनी भाषण केलेलं. इतके महिने बाई माझ्या डोळ्यांसमोर मोकळ्या कपाळानं वावरल्या आणि मला कधी त्यांच्या कपाळाकडे बघावंसं वाटलं नव्हतं.

तरी मी वाद सोडला नाही. मी त्यांना आकडे सांगायचो, कोणत्या सरकारनं गरिबांचं काय काढून घेतलं ते सांगायचो, दुसऱ्यांबद्दल द्वेष पसरवणारी भाषणं वाचून दाखवायचो. माझं म्हणणं चूक नव्हतं. आजही मी त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. बाई ऐकून घ्यायच्या. कधी म्हणायच्या, "तुमी समजावता लय चांगलं." कधी म्हणायच्या, "तुमी लोक मले समजवाले येता. थे लोक मले कामाले बोलावते."

गजानन आर्वीच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायला लागला. लग्न झालं, वर्षा नावाची गुणी मुलगी घरात आली. शालिकही परत आला होता. त्यानं भट्टी बंद केली. आता तो नदीपलीकडून, शेजारच्या जिल्ह्यातून, बाटल्या आणायचा. नदी ओलांडली की दुकानं उघडी. बुलेट आली, मग चारचाकी, गळ्यात साखळी. टेकडीवरच्या वस्तीतली शंभरेक मतं त्याच्या शब्दात आहेत असं लोक म्हणू लागले. बाईंनी शाखेच्या बाया घेऊन दोनदा त्याची गाडी अडवली. एकदा त्यानं खाली उतरून बाईंच्या पाया पडल्यासारखं केलं आणि हसला.

गजानन पितो हे बाईंना सगळ्यात शेवटी कळलं, की त्यांनी ते कळू दिलं नाही, कोण जाणे. एका सकाळी वर्षा धावत शाळेत आली. बाईंनी तांदूळ वैरले होते. वर्षा शेडाचा खांब धरून उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, पातेलं खाली उतरवलं, पऱ्हाट्या चुलीबाहेर ओढून माती टाकली आणि मगच निघाल्या. नाल्याच्या पुलाशी गजानन मोटरसायकलसकट पडला होता. पहाटे केव्हातरी पडला असावा. खिशातली बाटली फुटली नव्हती.

त्याचं वय सत्तावीस. वर्षाला चौथा महिना होता. पुढं ते मूलही राहिलं नाही.

बाई रडल्याचं मी पाहिलं नाही. दोन आठवड्यांनी त्या कामावर आल्या. मुलांना वाढता वाढता एखाद्या मुलाच्या ताटापाशी थांबायच्या आणि डाव हातात तसाच राहायचा. मूल वर बघायचं. मग त्या पुढं सरकायच्या.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी विधानसभेची निवडणूक लागली. गावात त्या पक्षाची सभा होती. मंडप शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणून मी खिडकीतून सगळं पाहिलं. उमेदवार आले, आर्वीचे पुढारी आले. बाई ओवाळणीचं तबक घेऊन मंचाच्या पायरीशी उभ्या. इस्त्री केल्यासारखी साडी. गादीखाली घडी ठेवून त्या ती तशी करायच्या. माईकवरून सांगितलं, आज गावातले काही मान्यवर पक्षात प्रवेश करत आहेत. गळ्यात पक्षाचे दुपट्टे घालून पाच-सहा जण मंचावर चढले. तिसरा शालिक.

वैशालीताई मंचाच्या कडेला होती. तिनं मान खाली घातली.

बाईंनी उमेदवाराला ओवाळलं. पुढाऱ्यांना ओवाळलं. नव्या माणसांतल्या पहिल्याला ओवाळलं, दुसऱ्याला ओवाळलं. शालिकनं कपाळ पुढं केलं. बाई त्याच्यासमोर थांबल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. ढोलवाल्यानं मध्येच वाजवणं थांबवलं एवढं आठवतं. मग त्या एक पाऊल सरकल्या आणि चौथ्याला ओवाळलं. पाचव्याला ओवाळलं. तबक टेबलावर ठेवून खाली उतरल्या आणि बायांत जाऊन बसल्या. सभा संपेपर्यंत बसून राहिल्या. घोषणा झाल्या तेव्हा त्यांचाही हात वर गेला. ते मी खिडकीतून पाहिलं आणि मला ते सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात वैशालीताई त्यांच्या घरी येऊन रडून गेली. "काकू, वरून आलं. मी नाही म्हणाले होते." बाईंनीच तिची समजूत काढली. पंधरा दिवसांत शाखेची अध्यक्ष बदलली. त्याच सुमारास खिचडीचं काम दुसऱ्या बचत गटाला गेलं. ठराव शाळा समितीचा होता, आणि समितीत मीही होतो. मी विरोध नोंदवला. या वेळी सही केली. पाच विरुद्ध दोन.

शेवटच्या दिवशी बाईंनी पातेली घासून पालथी घातली, फुंकणी तेवढी स्वतःची म्हणून घेतली. मी शेडात गेलो. मला वाटलं, आता बोलायची वेळ आहे. निवडणूक चार दिवसांवर होती.

मी म्हणालो, "बाई, आता तरी कळलं ना? ज्यानं तुमचं घर बुडवलं त्यालाच त्यांनी मंचावर बसवलं. अन् तुम्हाला बाहेर काढलं. आता तरी त्यांना मत देऊ नका."

बाई चुलीच्या काठावर बसल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमी बोलता थे समदं बरोबर असते. मले पह्यल्यापासून मालूम हाये. तुमी अर्जबी बरोबरच लिवलता. पन सही नाई केली तुमी."

मी पालथ्या पातेल्यांकडे पाहू लागलो.

"मी राग नाई धरला. तुमच्या पोरी होत्या. समजते मले. पन माह्या घरी मयत पडली तवा कोन उभं राह्यलं, थे मी कशी इसरू? थ्या पोरीनं सही केली. माह्या कपाळाले कुकू लावलं तिनं. मले मानसात बसवलं. शालिक आज आला सर. मी त्याच्या पह्यले आली. तो आला म्हनून मी काऊन जाऊ?"

"पण पक्षच तसा आहे बाई. तो त्यालाच मोठा करेल."

"करन. पुजारी चोर निंघाला म्हनून कोनी देऊळ पाडते काय?" त्या उठल्या. "अन् पाडून जाऊ कोठी? दादासायबाच्या आंगनात?"

मी म्हणालो, देऊळच चोरांनी बांधलं असेल तर? वाक्य चांगलं होतं. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. वर्गात हुशार पण हट्टी मुलाकडे आपण बघतो तसं. "लय शिकले तुमी," असं म्हणून फुंकणी काखेत धरून त्या गेल्या.

त्यांचा उमेदवार निवडून आला. दादासाहेबांचा मुलगा पडला, आणि पुढच्याच वर्षी तोही त्यांच्यात गेला. मी निवृत्त झालो. आर्वीत घर बांधलं, पण मतदारयादीतलं नाव गावातच राहिलं. बाजारात बाई कधी पेंढ्या घेऊन बसलेल्या दिसायच्या. एकदा मेथी घेतली तेव्हा त्यांनी बळंच दोन जुड्या सांभार पिशवीत टाकला. मी म्हटलं, "बाई, फुकट?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी देऊन राह्यली ना." हाताची हाडं वर आली होती. वर्षा शेजारी बसलेली. माहेरी गेली नव्हती ती. दुसरं लग्न लावून देतो म्हणून बाई तिच्यासाठी स्वतः स्थळं बघत होत्या आणि ती नाही म्हणत होती.

पोटात गाठ निघाली हे मला वर्षानंच सांगितलं. दवाखान्यात जाऊन आल्या. उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. मी त्या वेळी मुलीकडे होतो, मला पोचता आलं नाही. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्याच वर्षीच्या निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी.

केंद्र आमच्या शाळेतच होतं. मशीन सकाळीच बिघडून सुरू झालेलं, रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली. मी उभा होतो तिथून गावातला रस्ता सरळ दिसायचा. म्हातारे-आजारी आणायला पक्षानं ऑटो ठेवला होता. झेंडा लावलेला. पक्षाच्या मंडपात खुर्ची टाकून शालिक बसला होता, तो मोबाईलवर सांगत होता, पंचफुलाकाकूला घेऊन ये, बाहेर काढताना नीट धर.

ऑटो गेला आणि थोड्या वेळानं रिकामाच वळला. त्याच्या पुढं बाई चालत येत होत्या. एक हात वर्षाच्या खांद्यावर, दुसरा पोटाशी. साडी तीच, गादीखालच्या घडीची. कपाळावर कुंकू. चाळीस-पन्नास पावलं चालायच्या आणि थांबायच्या. ऑटोही थांबायचा. ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणायचा, "काकू, बसा ना जी." बाई ऐकू आल्याचं दाखवत नव्हत्या.

पुलाच्या कठड्यावर त्या बसल्या तेव्हा मी रांग सोडून गेलो.

"बाई, मी येऊ सोबत? माझा हात धरा."

मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. चेहरा एवढासा झाला होता. "सर हाये काय? आले काय मताले?" मग दम खाऊन म्हणाल्या, "मी बदलली नाई बरं. तुमाले वाटत असन, मरते येळी मानूस शाना होते."

"मी काही विचारलं नाही बाई."

"डोये इचारून राह्यले तुमचे."

मी म्हणालो, "ऑटोत तरी बसायचं होतं. एवढं चालवत नाही तुम्हाला."

"थो शालिकचा हाये," त्या म्हणाल्या. "मत माह्यं हाये." वर्षाच्या खांद्यावर जोर देऊन त्या उठल्या. मी हात पुढं केला होता तो तसाच राहिला. "जा तुमी. तुमचा लंबर जाईन."

मी परत येऊन रांगेत उभा राहिलो. माझी जागा एकानं ठेवली होती. बायांच्या रांगेनं बाईंना पुढं जाऊ दिलं. आतून बीप ऐकू आला. त्या बाहेर आल्या, बोटावरची शाई अजून ओली, ती साडीला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरलेला. मंडपाशी शालिक खुर्चीतून उठला, पाण्याचा ग्लास घेऊन दोन पावलं पुढं आला. "काकू, पानी तरी घ्या." मंडपातले सगळे बघत होते. बाई त्याच्यासमोरून, त्याच्या हाताला जवळजवळ लागून, निघून गेल्या.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी मोटरसायकली लावलेल्या. बाई मधोमध चालत होत्या. मागं तो झेंड्याचा ऑटो. त्याला पुढं जायला जागा नव्हती आणि हॉर्न वाजवायची ड्रायव्हरची हिंमत होत नव्हती. बाई थांबल्या की तो थांबायचा, त्या निघाल्या की निघायचा. वळणापर्यंत ते तसेच जाताना मला दिसले.

मग मागच्या माणसानं मला ढकललं. माझा नंबर आला होता. मी आत गेलो.